पाण्याने गिरवलेली अक्षरे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, मोजणी कार्यालयातून निवृत्त झालेली नकाशाकार, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, हे लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी कालच दिला. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, मीही विचारले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या, "थोडक्यात लिहा." तेवढे मात्र जमणार नाही.

माझ्यामागे जवळचा असा एकच, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भावाला मी दादा म्हणत असे. तो दोन वर्षांपूर्वी गेला. भाच्याला आठ वर्षांची मुलगी आहे. ती माझी नात.

कलम पहिले. हे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा जिना, मी नातीला देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत भाच्याने ते पालक म्हणून सांभाळावे. पुढच्या खोलीत खिडकीसमोरची भिंत गडद निळी आहे. ती पाडू नये, तिला फिका रंग देऊ नये, तिच्यापुढे कपाट उभे करू नये. याचे कारण भाच्याला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आमचे बाबा रंगारी होते. घरे रंगवायचे, दुकानांच्या पाट्याही लिहायचे. शिक्षण चौथी. एकदा एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकले आणि सगळी पाटी खरवडून पुन्हा लिहावी लागली. तेव्हापासून रंगाच्या डब्यांबरोबर त्यांच्या पिशवीत एक जाडजूड शब्दकोश असे.

दादा नऊ वर्षांचा झाला तरी त्याला वाचता येत नव्हते. घ आणि ध त्याला सारखेच दिसत, भ आणि म यांची अदलाबदल होई. मी दोन वर्षांनी धाकटी, आणि घडाघडा वाचत होते. त्याचा मला तेव्हा गर्व होता, हेही इथे नोंदवते. मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावून सांगितले, "हा दगड आहे. याला तुमच्या हाताखाली घ्या, निदान शिडी तरी धरेल."

बाबांनी दादाला शाळेतून काढले. हाताखाली मात्र घेतले नाही. त्यांनी ही भिंत निळी रंगवली, पाण्याची बादली ठेवली, दादाच्या हातात चार बोटे रुंद ब्रश दिला आणि म्हणाले, "तुझ्याएवढा घ काढ."

पाण्याचे अक्षर निळ्यावर काळेभोर उमटे आणि थोड्या वेळात वाळून नाहीसे होई. दादाने उलटे अक्षर काढले की बाबा खोडायला जात नसत. खिडकी उघडत आणि म्हणत, "वाळू दे. वाळलं की चूक गेली." वहीत लाल रेघा बघून रडणारा माझा भाऊ त्या भिंतीसमोर अख्खा हात फिरवत हसायला लागला, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. घ च्या डोक्यावर रेघ असते आणि ध ला गाठ असते, हे त्याच्या डोळ्यांआधी त्याच्या खांद्याला कळले.

दुसरा खेळ सकाळचा. कामावर जाण्यापूर्वी बाबा भिंतीवर खडूने एक वाक्य लिहीत, त्यात एक चूक मुद्दाम. संध्याकाळपर्यंत आम्ही ती शोधायची. सापडली तर रात्रीची भांडी बाबांनी घासायची, नाही सापडली तर आम्ही. आई म्हणायची, "तुमच्या शिकवण्यापायी माझी भांडी चकचकीत झाली, एवढं मात्र खरं." कारण दोन महिन्यांनंतर बाबाच रोज घासत होते, आणि चूक दादा शोधत होता. मला तीन तास लागत, त्याला कमी. त्याला प्रत्येक अक्षर थांबून बघावे लागे, आणि मी भरधाव पुढे जात असे.

त्यांचे सगळेच बेत साधले असे नाही. पाढ्यांसाठी त्यांनी खरी शिडी लावली: बरोबर आले की एक पायरी वर, चुकले की एक खाली. सातच्या पाढ्याला मी सहाव्या पायरीवरून पडले. माझे डावे मनगट आजही पुरते वळत नाही. आई कडाडली, "पोरांना शिकवताय की सर्कशीत घालताय?" बाबा म्हणाले, "चूक माझी. ती बरोबर म्हणत होती." दुसऱ्या दिवशी त्यांनी पायऱ्या जमिनीवर रंगवल्या. ती शिडी अजून गच्चीच्या जिन्याखाली आहे. ती कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याला द्यावी, पाढे सोडून कशालाही वापरावी.

वर्ष संपल्यावर बाबा दादाला घेऊन शाळेत गेले. मीही होते. दादाने पुस्तकातला धडा वाचला. मुख्याध्यापक म्हणाले, "पाठ करून घेतलंय."

बाबा म्हणाले, "मग तुम्हीच काहीतरी लिहा, सर."

त्यांनी कागद ओढला आणि लिहिले: 'परिक्षेत यश मिळवण्यासाठी कष्ट करावे लागतात.' दादाने एकेका शब्दावर बोट ठेवत ते सावकाश वाचले. मग बोट पहिल्या शब्दावर परत नेले आणि म्हणाला, "सर, यात री दीर्घ पाहिजे."

बाबांनी पिशवीतून शब्दकोश काढला, पान शोधून टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मुख्याध्यापकांनी ते पान बराच वेळ पाहिले. शेवटी म्हणाले, "उद्यापासून पाठवा." त्यांना मी 'दगड' या शब्दाची माफी अजून दिलेली नाही, आणि या कागदानेही देत नाही. पण कागदावर स्वतःच्या हाताने री दुरुस्त करूनच ते उठले, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवे.

दादा पुढे छापखान्यात मुद्रिते तपासायला लागला आणि चौतीस वर्षे त्याने तेच काम केले. लेखकांच्या चुका तो पेन्सिलीने दाखवत असे. लाल शाई त्याने कधी हातात धरली नाही.

भाच्या, तुझ्या वडिलांना नऊ वर्षांपर्यंत वाचता येत नव्हते हे तुला माहीत नाही. त्याने मला सांगू दिले नाही. "पोराच्या नजरेतून उतरेन गं," म्हणायचा. तो होता तोवर मी शब्द पाळला. गेल्या महिन्यात तू माझ्यासमोर लेकीच्या पुस्तकावर हात आपटून म्हणालास, "एवढं साधं येत नाही? डोक्यात भुसा भरलाय का?" ती पानाचा कोपरा दुमडत बसली. दादाही असाच कोपरे दुमडायचा. तेव्हा मी ठरवले की हा शब्द आता मोडायचा. नजरेतून कोण उतरते ते तू ठरव.

कलम दुसरे. बँकेतील माझी सर्व शिल्लक भाच्याला. गच्चीची गळती आधी काढावी.

कलम तिसरे. नकाशे काढण्याची माझी पेटी शेजारच्या शिंपीणबाईंना. गेली वीस वर्षे त्या माझी वर्तुळे बघून कॉलर कापतात. शब्दकोश भाच्याला. बाबांचे ब्रश नातीला.

कलम चौथे. माझ्या कपाटात बाबांची दहावीची गुणपत्रिका आहे. ते पाचवीपासूनचे सगळे आमच्याकडूनच शिकायचे. "मला समजत नाही, तू समजाव," म्हणत आणि इतके प्रश्न विचारत की समजावता समजावता आम्हालाच समजे. मला वाटे, सोंग आहे. एकोणीस वर्षांची असताना मी मोजणीचे पुस्तक घेऊन बसले होते आणि बाबांचे प्रश्न चालू होते, तेव्हा वैतागून म्हटले, "बाबा, आता पुरे झालं नाटक. तुम्हाला येतं सगळं."

ते ब्रश धूत होते. म्हणाले, "नाही गं. तुम्ही दोघांनी शिकवलंत तेवढंच येतं मला."

चार वर्षांनी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बाहेरून परीक्षा दिली. गणितात एकाहत्तर. इतकी वर्षे ज्याचे विचारणे आम्ही सोंग समजत होतो, तो माणूस मुलांसमोर रोज न लाजता 'मला येत नाही' म्हणत होता. मी पुष्कळ हुशार साहेबांच्या हाताखाली काम केले. हे एकालाही जमलेले पाहिले नाही. गुणपत्रिका भाच्याला द्यावी.

कलम पाचवे. भाच्याने मुलीकडून रोज एक तरी गोष्ट शिकावी, अशी अट मी घालणार होते. वकीलबाई म्हणाल्या, ती कायद्यात टिकणार नाही. म्हणून अट नाही, विनंती आहे.

कलम सहावे आणि शेवटचे. माझ्यामागे हा कागद नातीने स्वतः मोठ्याने वाचावा. एक दिवस लागला तरी चालेल, आठ दिवस लागले तरी चालेल. ती अडखळेल तिथे कोणी शब्द पुरवू नये. तिच्या बापाने शेजारी बसावे, घड्याळाकडे बघू नये, आणि पुढचा शब्द तिच्या तोंडून येईपर्यंत थांबावे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: रंगाऱ्याची मुलगी, निवृत्त नकाशाकार

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार (शिंपीणबाईंना पेटी मिळणार असल्याने त्यांना साक्षीदार होता आले नाही, त्या चहा करत आहेत)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी साडेदहा