शिकण्याजोगी केस

३ जून
आले बाई एकदाची! एवढ्या जुन्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी, तीही मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात! विभागप्रमुख सरांनी स्वतः हिंडून दाखवलं. सुरुवातीला इथे एकच दालन होतं, खाटा लोकांच्या घरून मागून आणलेल्या. आज अर्ध्या राज्याचे डॉक्टर इथलेच. त्यांना घडवलं पुस्तकांनी नाही, म्हणाले, या खाटांवरच्या माणसांनी. ऊर भरून आला. हेडसिस्टर तेवढी आंबट तोंडाची. माझा कोरा ॲप्रन बघून म्हणाली, मळेल लवकरच. मळू दे की, तुझ्या तीर्थरूपांचं काय जातंय!

७ जून
खिडकीजवळच्या खाटेवर एक मावशी आहेत. हृदयाचा आवाज बिघडलाय, तोही इतका ठळक, की ढ पोरालाही स्टेथोस्कोप लावताच कळावा. म्हणून रोज सकाळी अख्खा वर्ग ओळीने त्यांची छाती ऐकतो. त्या छताकडे बघत पडून असतात. आज माझा हात धरून म्हणाल्या, पोरी, गोळ्या काय, घरीही घेईन, सोड गं मला. खरंच होतं. मी डिस्चार्ज लिहिला. सरांनी तो हसत हसत फाडला. परीक्षा तोंडावर आलीय, इतकी छान केस कोणी घरी धाडतं का? डोकंच फिरलं माझं.

९ जून
भर दुपारी मावशींना मागच्या दाराने रिक्षात बसवून दिलं. जीव भांड्यात पडला. हेडसिस्टरने रिकाम्या खाटेवर धुतलेली चादर घातली आणि माझ्याकडे बघत राहिली.

१० जून
सर ओरडले नाहीत. पोरांचा सराव बुडतोय, म्हणाले, तुम्हीच बसा जरा त्या खाटेवर. बसले. पहिल्या पोराने ऐकलं, भुवया उडवल्या, दुसऱ्याला बोलावलं. सगळ्यांना आवाज ऐकू आला म्हणे. मी स्वतः लावून ऐकलं. काही नाही! ठणठणीत आहे मी!

११ जून
ॲप्रन काढून घेतला. मोबाइलही. गेटवरचा वॉचमन म्हणतो, सरांच्या सहीशिवाय पेशंटला सोडत नाही. पेशंट? अरे मेल्या, काल तर सलाम ठोकत होतास—

१३ जून
आई आली. वाटलं, सुटले. सरांनी तिला काय सांगितलं कोण जाणे. एवढे मोठे डॉक्टर लक्ष घालताहेत, म्हणाली, सरांचे हात हातात घेतले, आणि गेली. गेली—

सकाळ
गार स्टेथोस्कोप. एकामागून एक. कोणी नावसुद्धा विचारत नाही.

पुन्हा सकाळ
एक मुलगी रडवेली झाली, सर, मला काहीच ऐकू येत नाही. मी ओरडले, बरोबर आहे तिचं! सर रागावले नाहीत. आवाज अजून बारीक आहे, म्हणाले, परीक्षेपर्यंत ठळक करून घेऊ. सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन येतेय. माझे हात धरायला दोन पोरं— मला मॅडम म्हणायची तीच— अगं मुली, सांग ना त्यांना, परत सांग, काहीच ऐकू