खंदकातली पायवाट

प्रिय मथू,

जावईबापूंचं पत्र मिळालं. यंदाही पंचमीला सोलापूरला यायला तू नको म्हणालीस, असं त्यांनी लिहिलंय. मी रागावले नाही गं. पहिल्या बाळंतपणाला म्हणून आलीस आणि रिकाम्या हातांनी सासरी केमला परत गेलीस. ह्या घराकडे तुझा पाय कसा वळावा? पण दोन वर्षं झाली. तुझी वाट पाहणं काही माझ्याच्यानं सुटत नाही.

इकडे आप्पांनी गिरणीतलं काम सोडलं. दम लागतो. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलंय. किल्ल्याच्या खंदकात म्युनिसिपालिटीनं बाग करायला घेतली आहे, खाली उतरायला पायऱ्या झाल्यात. पूर्वी तिथं नुसतं रान होतं. आप्पा एकटेच जायचे. मध्ये एकदा त्यांना घेरी आली, तेव्हापासून मी सोबत जाते. शेजारच्या गोजरबाई दारातून ओरडतात, "आता ह्या वयात जोडीनं हवा खायला निगालाय व्हय!" आप्पा लाजतात आणि मला मागे टाकून झपाझप पुढे होतात.

खाली उतरलं की गाव ऐकू येत नाही. दोन्हीकडे उंच काळ्या भिंती, त्यांच्या फटींतून वाढलेले पिंपळ, खाली बाभळी नि सीताफळीची दाटी. मधून एकामागं एक चालावं एवढीच वाट. भिंतीतल्या भोकांतून पोपट डोकी काढून बघतात. तुला आवडलं असतं. वळणावर एक कडुनिंब आहे. पहिल्या दिवशी तिथं आप्पांनी पायताण काढलं. म्हणाले, "खडा गेला." दुसऱ्या दिवशी त्याच झाडाशी पुन्हा खडा. मी हसून म्हटलं, "सगळ्या खंदकात खडा काय तो इथंच सापडतो तुम्हाला?" ते हसले नाहीत. पायताण झटकलंही नाही. बुंध्याकडे बघत नुसते अनवाणी उभे राहिले. मग मीही वहाणा काढल्या.

परतताना ते आपणहून बोलले. "गावाबाहेर लई कोल्ही. हितं दोन्ही अंगाला भिंत हाय." एवढंच.

मथू, जाताना गाडीच्या खिडकीतून तू विचारलं होतंस, "आई, तिला कुठं ठेवली?" आप्पांनी मान फिरवली, मी पदर तोंडाला लावला. तुला वाटलं असेल, आम्ही लपवतोय. मला खरंच ठाऊक नव्हतं. मूठमाती द्यायला बायकांनी जायचं नसतं. तू तापात होतीस, मी तुझ्या उशाशी. सुईणीनं गुंडाळून दिलेलं लेकरू आप्पा उचलून घेऊन गेले, आणि त्यानंतर घरात तो विषयच कुणी काढला नाही. आता मला जागा ठाऊक आहे. पंचमीला ये. कुणी काही म्हणो, मी तुला खाली नेईन. आणखी एक. तिचं तोंड तू पाहिलं नाहीस, मीही नाही. आप्पांनी पाहिलंय. ठेवण्याआधी फडकं बाजूला केलं होतं म्हणे त्यांनी. कशी होती, म्हणून मी काल विचारलं. म्हणाले, "मथूला सांगीन. आदी तिला."

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई