काही विशेष?

प्रिय आत्याबाई,

हे पत्र मी टाकणार नाही. अलीकडे तुम्हाला दिसेनासं झाल्यापासून तुमची पत्रं तुमचे भाऊ, म्हणजे आमचे मामंजी, वाचून दाखवतात. त्यांच्या तोंडून हे वाचलं जाण्यापेक्षा धरणीने मला पोटात घेतलेलं बरं!

लग्नाला चार महिने झाले होते. जो तो विचारायचा, "काय, काही विशेष?" मी हसून वेळ मारून न्यायची. तुम्ही मात्र ब्लाउजच्या मापाला बोलावलंत, दार लावलंत आणि टेप गळ्यात अडकवून हळूच विचारलंत, "दुखतं का गं?"

मला रडूच फुटलं. मी अंग चोरते ते नावड म्हणून, असंच तुमच्या भाच्याला वाटायचं. बिचारे भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

तुम्हीच त्यांना दटावलंत, "तिला दवाखान्यात एकटीला पाठवू नकोस. तूही आत बस." डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समजावलं की हे दुखणं आहे, नखरे नव्हेत, आणि ते बरं होतं. मूल एवढ्यात नको असेल तर काय वापरायचं, तेही सांगितलं. हे कानापर्यंत लाल झाले, पण शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतला. मास्तर ना शेवटी!

बरं व्हायला सहा महिने लागले. आज सासूबाईंनी फोनवर पुन्हा विचारलं, "काही विशेष?" मी नेहमीसारखं "काही नाही" म्हटलं.

खोटं बोलले, आत्याबाई. विशेष आहे. आता दुखत नाही.

ब्लाउज न्यायचा विसरलेली,
तुमची सूनबाई