पोचा गेलेलं चिपटं

लिहून ठेवणार : मी, शालनबाई सोनबा येळवंडे, वय ७१, राहणार कुरुळी, तालुका खेड. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी दाब दिलेला नाही, फूसही लावलेली नाही. जीभ तेवढी ठिकाणावर नाही. मागच्या पावसाळ्यात दवाखान्यात तोंडातल्या गाठीला लाईटचे शेक दिले, तेव्हापासून मीठ की साखर तेही कळत नाही. हे उतरवून घेणारे शेजारचे धम्मपाल म्हणतात, “मावशी, मृत्युपत्रात जिभेचं काय काम?” म्हटलं, लिहा.

१. कुरुळीचे तीन खोल्यांचे घर व त्याखालील जागा मुलगा ओंकार यास. तो पिंपळे गुरवला फ्लॅटमध्ये राहतो, इकडे यायचा नाही, भाडेकरू ठेवील. ठेवू दे. पोस्टात जे उरेल तेही त्याचं.

२. सोन्याच्या दोन पाटल्या व मापाचे पितळी चिपटे सून सायली हिला. पाटल्यांबद्दल काही सांगायचं नाही. चिपट्याबद्दल आहे.

ते माझ्या सासूबाईंचं, सोजरबाईंचं. उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला व्हायचा. मिरची चार चिपटी, बाकी सगळं मुठीनं. “चाराची साडेतीन झाली तर घरात ठेवायची न्हाई,” असा त्यांचा दम. मला तो मसाला सोसायचा नाही. जेवताना डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मालक म्हणायचे, नखरे करते. दुसऱ्या वर्षी मी चिपटं पालथं घालून बुडावर वरवंट्याचा टोला हाणला. पोचा आत गेला, माप कमी झालं. सासूबाईंनी समोर बसून चार चिपटी मोजून घेतली! मग दर साली चाखायचं आणि लागलाच तर अजून एक टोला. नऊ वर्षांत तो पोचा माझ्या जिभेला बरोबर बसला. सासूबाई बोटं चाटत म्हणायच्या, “आता आली बघ माझ्या हातची चव!” मालक मरेपर्यंत “आईची सर न्हाई कुणाला” म्हणत माझाच मसाला खात होते. मी सांगितलं नाही. लबाडी म्हणा, पण माझं तेवढंच एक सुख होतं.

३. ओंकार, हे तुला. दिवाळीला तू चिपटं कंपनीत नेलंस, पोचा ठोकून सरळ केलास, पॉलिश मारून आणलंस. “आई, बघ, एकदम नव्यासारखं!” मी छान म्हणाले. तुला काय माहीत, बाळा? यंदाचा मसाला कुटताना डंकवाल्या सादिकाने चिमटीभर तोंडात टाकला, पुन्हा एक चिमूट घेतली. मग म्हणाली, “शालनताई, हा तुमचा न्हाई. हा तुमच्या सासूचा.” दोन्ही तिच्याच डंकावर कुटलेले. तिला सगळं ठाऊक होतं, कधी बोलली नाही. आता पुन्हा टोला घालावा, तर किती, हे सांगायला जीभ नाही. तुझी चूक नाही, ओंकार. मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

४. सायलीबद्दल. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने आमटीत मसाला निम्मा टाकला आणि गुळाचा खडा घातला. पाहुण्यांदेखत मी पातेलं मोरीत ओतलं. ती म्हणाली, “आई, थोडं माझ्या चवीनं करू द्या ना.” मी म्हणाले, “कर की, माझी तिरडी उठल्यावर.” चिपटं ठोकणारी मी, आणि हे बोलले! लाज वाटते. त्या दिवसापासून तिने या घरात गॅस पेटवलेला नाही. येतात, पार्सल घेऊन येतात.

५. ~~तेराव्याची आमटी सायलीने स्वतःच्या चवीने करावी, कोणी नाक मुरडू नये.~~

हे लिहून झाल्यावर, गेल्या रविवारी, तिला विचारलं. म्हणाली, “माझी चव कसली, आई? अकरा वर्षं झाली. गूळ किती घालत होते तेही आठवत नाही आता.” रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नव्हती.

सबब कलम ५ खोडले आहे. तेराव्याचं जेवण बाहेरून मागवावं.

साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून पाटा-वरवंटा सादिकाला आजच उचलून दिला.

सही : शालनबाई सोनबा येळवंडे
(खोडलेल्या ओळीशेजारीही माझीच सही आहे.)

आमच्यादेखत सही केली :
१. धम्मपाल सोनकांबळे
२. सादिका अय्याज तांबोळी

मुक्काम कुरुळी, ९ जून २०२५