पंधरा नंबरचे दोन गुण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पाणीपुरवठा कार्यालयातील निवृत्त मीटर तपासनीस आणि व्यावसायिक बास्केटबॉल लीगची बावीस वर्षे अधिकृत गुणलेखिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे व स्मरणशक्ती ठीक आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे.

इथपर्यंतची भाषा वकीलबाईंच्या नमुन्यातली. पुढची माझी. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दाखल्यासाठी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत जाऊन थांबले, आणि मध्ये एकदा त्याच चुकल्या होत्या तेही सांगितलं. तेव्हा बुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये.

याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. दोन्ही वेळा धाकट्या दिरांवर चिडून केली होती. ती रद्द समजावीत.

माणसं थोडीच आहेत. आमचे हे अंतिम सामन्यानंतर सहा महिन्यांत गेले, त्याला आता एकोणीस वर्षं होत आली. गुणलेखनाच्या टेबलावर ते माझ्या शेजारी बसायचे, घड्याळ चालू-बंद करायला. आम्हाला मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावर माझे धाकटे दीर राहतात, लिफ्ट मेकॅनिक, बायको वारलेली, यापुढे त्यांचा उल्लेख 'भावोजी' असा. त्यांची एकुलती एक मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, ती 'पुतणी'.

कलम एक. माझा तळमजला, त्यातल्या सामानासकट, पुतणीला. अट एकच. भावोजी रोज सकाळी साडेसातला वर्तमानपत्राची घडी काखेत मारून जिना उतरतात, तो त्यांचा शिरस्ता चालू राहील. मात्र त्यांचा पहिला चहा पिऊन होईपर्यंत कोणी खेळाडूचं नाव काढायचं नाही. ही अट मी हयातभर घातली आणि हयातभर मोडली गेली, पण पुतणी माझ्यापेक्षा खमकी आहे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल तेही पुतणीला. तिने त्यातून आधी स्वयंपाकघराची खिडकी बदलून घ्यावी, ती गेली सात वर्षं लागत नाही.

कलम तीन. भावोजींना मी काहीही देत नाही. खुर्ची नाही, टीव्ही नाही, ज्या भिंगाने ते माझ्या नाकासमोर वर्तमानपत्रातले बारीक आकडे वाचतात ते भिंगसुद्धा नाही. वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारीने शेवटी सूड उगवला. वाटू दे. कारण कलम सातमध्ये आहे, मध्येच पानं उलटू नयेत.

कलम चार. माझ्या गुणवह्या, एकूण चव्वेचाळीस, आणि काळं शाईपेन. हेही पुतणीला, कारण ती नमुना स्वतः काचेखाली बघितल्याशिवाय रिपोर्टवर आकडा लिहीत नाही. वह्यांमध्ये कुठेही खाडाखोड नाही. मला त्याचा गर्व होता. फक्त एका पानाच्या उजव्या कोपऱ्यात चार वेटोळ्या रेघोट्या आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. कार्यालयात असताना एक मीटरवाचक घरोघरी न जाता चहाच्या टपरीवर बसून अंदाजाने आकडे भरायचा. मी पकडलं त्याला. "बाई, आकडा जवळपास बरोबरच असतो हो," असं म्हणाला. मी म्हटलं, "न बघता लिहिलेला बरोबर आकडासुद्धा खोटाच." त्याला तीन महिने घरी बसवलं मी. अगदी मान ताठ करून बसवलं.

कलम पाच. हे कलम वादाचं आहे. कंटाळा आला तरी वाचावं, मी तर एकोणीस वर्षं ऐकलाय.

आमच्या शहराच्या संघात दोन खेळाडू होते. सात नंबरचा भिंगरी आणि पंधरा नंबरचा उंट. भिंगरी बुटका, चपळ, चेंडू घेऊन गरगर फिरायचा आणि लांबून टाकायचा. उंट उंच, मंद, बास्केटखाली उभा राहून परत आलेले चेंडू गोळा करायचा, म्हणजे रिबाउंड. गाठ पडली तर नमस्कार करायलाही त्याला अर्धं मिनिट लागायचं. मी भिंगरीच्या बाजूची, भावोजी उंटाच्या.

"भावोजी, भिंगरीचे सामन्याला सरासरी चोवीस गुण आहेत. तुमच्या उंटाचे अकरा."

"ती नेहमीच्या सामन्यांची सरासरी, वहिनी. बाद फेरीचं, प्लेऑफचं बोला. प्लेऑफमध्ये तुमचा भिंगरी शंभरातले चौतीस आत टाकतो, बाकीचे सहासष्ट कोण गोळा करतं? माझा उंट!"

"ऐंशी सामन्यांचा आकडा खरा की सतरा सामन्यांचा?"

"सराव परीक्षेत पहिला आलेला पोरगा खऱ्या परीक्षेत नापास झाला, तर त्याला तुम्ही पेढे वाटणार का?"

हे रोज. पावसाळा नाही, उन्हाळा नाही, दात काढायचे होते त्या दिवशीसुद्धा नाही सुटका. माझे कान किटले. एकदा तर डॉक्टरीणबाई माझा रक्तदाब मोजत असताना हे गृहस्थ दारात उभे राहून विचारतात, "वहिनी, निर्णायक क्षणी चुकलेल्या पासांचा हिशेब तुम्ही धरलाय का?" रक्तदाब किती आला ते लिहीत नाही.

त्यात त्यांना संघबांधणीचा नाद. लिफ्टच्या दुरुस्तीच्या पावत्यांमागे ते संघ बांधतात. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोण. असे दोन बुटांचे खोके भरलेत. "वहिनी, लिफ्ट बसवताना आधी तोल धरणारं मागचं वजन लावतात, आरसा शेवटी. तुमच्या क्लबने आरसे घेतले आणि वजन विकलं." क्लबने उंटाला सोडून आणखी दोन लांबून टाकणारे घेतले, आणि पुढची आठ वर्षं संघ प्लेऑफपर्यंत पोचला नाही, हे खरं आहे. मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही. आत्ता लिहून देते, खरं आहे.

कलम सहा. आता रेघोट्या.

अंतिम फेरीचा सातवा सामना, आमच्याच मैदानावर. आम्ही अठ्ठ्याऐंशी, ते एकोणनव्वद. शेवटचे चार सेकंद. भिंगरीने चेंडू टाकला, तो कडीवर आपटून वर उडाला, भोंगा वाजायच्या आधी आत गेला. नव्वद-एकोणनव्वद. आम्ही जिंकलो. मी दोन गुण सात नंबरच्या नावावर लिहिले. भिंगरी एकतीस, उंट नऊ.

भावोजी बास्केटच्या अगदी मागच्या बाकावर बसले होते. सामना संपल्या संपल्या ते टेबलापाशी धावत आले आणि ओरडले, "वहिनी, उंटाचं बोट लागलं! कडीवरून परत आलेला चेंडू उंटाने बोटाने आत ढकलला! दोन गुण उंटाचे!" टीव्हीवर पंचाची पाठ आडवी आलेली, त्यामुळे तिथेही काही कळेना. मी म्हटलं, "वहीत लिहिलंय तेच खरं." आणि वही मिटली.

पंधरा दिवसांनी क्लबच्या व्यवस्थापकाने छापून आणलं, "अंतिम सामन्यात ज्याला दहाचा आकडा गाठता येत नाही, त्याच्याभोवती संघ बांधता येत नाही." उंटाला सोडलं. नऊऐवजी अकरा असते तर हे वाक्य त्याला म्हणताच आलं नसतं. उंट खालच्या दर्जाच्या एका संघात गेला, दुसऱ्याच वर्षी गुडघा गेला. आता तो जलतरण तलावावर गळ्यात शिट्टी घालून बसतो. भावोजी तिथली लिफ्ट बघायला जातात आणि येऊन मला सांगतात. रोज सांगतात.

ते चार सेकंद मी पाहिलेच नाहीत.

माझं पेन अडलं होतं. मान खाली घालून मी पानाच्या कोपऱ्यात ते चालवून बघत होते. त्या रेघोट्या त्याच. एकदम गलका उठला, मी वर बघते तो चेंडू जाळीतून खाली पडतोय. मी यांना विचारलं, "कोण?" हे म्हणाले, "भिंगरी, भिंगरी, लिही." आणि मी लिहिलं.

हे आजारी पडले तेव्हा, इस्पितळात, एका दुपारी मी सहज म्हटलं, "भावोजी काही ऐकत नाहीत बाई, तुम्हीच सांगा त्यांना, तुम्ही बघितलंय." हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगं, मी कुठे बघितलं? मी घड्याळ बघत होतो. मला वाटलं तू बघितलंस, नुसतं माझ्याकडून वदवून घेतेयस."

दोघं नवराबायको, सगळ्यात पुढच्या खुर्च्यांवर, लीगचे अधिकृत बिल्ले लावून. एकानेही पाहिलं नाही. कपाळावर हात मारून घ्यावा नाहीतर काय!

आठवड्याभराने हे गेले. त्यानंतर लीगला पत्र लिहायचं म्हणजे माझ्या माणसाचा शेवटचा सामना आम्ही दोघांनी न बघता लिहिला, असं लिहायचं. ते माझ्याने झालं नाही. आणि टपरीवरचा तो मीटरवाचक रोज डोळ्यांसमोर यायचा. मग मी भिंगरीची सरासरी आणखी जोरात सांगायला लागले. मला लाज वाटते. बस, लिहून झालं.

तरी मी जाहीर करते की, अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात सात नंबरचे गुण एकोणतीस आणि पंधरा नंबरचे अकरा होते. माझ्या मृत्यूनंतर पुतणीने हे लीगच्या कार्यालयाला आणि उंटाला कळवावं.

कलम सात. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही मिळू शकत नाही. म्हणून कलम तीन. त्या दिवशी डोळे उघडे ठेवून बघणारा माझ्या ओळखीतला एकच माणूस होता आणि त्याची साक्ष मी मानली नाही. भिंग आणि टीव्ही त्यांना दुकानात मिळेल. पहिले साक्षीदार म्हणून भावोजींचीच सही हवी.

पुरवणी. त्याच दिवशी, सह्यांच्या आधी लिहिलेली.

वरचं सगळं मी भावोजींना वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाई समोर होत्या. माझी तयारी होती की भावोजी आता टेबलावर मूठ आपटणार, बुटांचे खोके खाली आणणार आणि मरेपर्यंत मला जगू देणार नाहीत. ते मात्र गार झालेला चहा ढवळत बसले.

मग म्हणाले, "मला माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"उंटाचं बोट लागलं तसं मी लगेच तुमच्याकडे बघितलं, लिहिताय की नाही ते. तुमची मान खाली होती. दादाची घड्याळात."

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं या माणसाने माझं डोकं पिकवलं, शंभरातले चौतीस, मागचं वजन, आरसे, आणि हे एक वाक्य पोटात ठेवलं!

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"सगळ्यांसमोर दादाला काय म्हणू, की तू बघितलं नाहीस? आणि नंतर तो गेला. मग वाटलं, रोज विषय काढत राहिलो तर एक दिवस तुम्हीच सांगाल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

मी सहीसाठी पेन पुढे केलं, तर गृहस्थ हात मागे घेतात! म्हणे, "मृत्यूनंतर कळवावं म्हणजे काय? उंट बावन्न वर्षांचा झालाय. तुमची प्रकृती अशी ठणठणीत. त्याने किती वर्षं वाट बघायची? आधी पत्र, मग सही." म्हणजे मरायच्या कागदातसुद्धा हा माणूस मला आपल्या मनासारखं करू देत नाही.

पत्रं लिहिली. दोन, एक लीगला आणि एक उंटाला, त्याच काळ्या पेनने. तेव्हा कलम सहामधलं 'माझ्या मृत्यूनंतर' एवढं खोडलं आहे. माझ्या हातची ही पहिली खाडाखोड, आणि तिच्याखाली माझी सही आहे. उंटाचं पत्र भावोजी आजच तलावावर घेऊन जाणार आहेत. मीही जाणार आहे. डॉक्टरीणबाई रिक्षापर्यंत सोडतील.

हे मृत्युपत्र मी वाचलं, मला समजलं, आणि ते बरोबर आहे.

ठिकाण: तळमजला, स्वयंपाकघराच्या न लागणाऱ्या खिडकीशेजारी
तारीख: चौदा मार्च, शनिवार, सकाळचे पावणेअकरा

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार क्रमांक दोन: समोरच्या दवाखान्यातील डॉक्टर. लिहिणारीने माझ्यासमोर सही केली. त्या वेळी ती पूर्ण शुद्धीवर व रागात होती. सही.

साक्षीदार क्रमांक एक: धाकटा दीर, लिफ्ट मेकॅनिक. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. सही करताना मी कागदाकडे बघत होतो. उंट अकरा. सही.