गुडघाभर पाण्यातला पराक्रम

दुकानातून, बुधवार, दुपारचे दोन

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घातला असं समज. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला शेजारच्या शिंप्याला हाक मारावी लागते आणि सध्या त्याला हाक मारायला मला तोंड नाही. का, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींनी सांगितलेला तो शेक घेतोस, की त्यांच्यासमोर पिशवी गुडघ्यावर ठेवून त्या आत गेल्या की काढतोस? वहिनींनाही नमस्कार सांग. इकडे ही ठणठणीत आहे. माझ्यावर रागावलेली असली की हिची तब्येत नेहमीच सुधारते, आणि गेले दोन आठवडे ती फारच छान दिसते आहे. फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस, आणि तुझ्या ‘हं’पुढे मला आजवर खरं बोलता आलेलं नाही. कागद ‘हं’ म्हणत नाही.

तर आम्ही परदेशी समुद्रावर जाऊन आलो, चार दिवस. आम्ही म्हणजे चहाची मंडळी. माझं दुकान तू पाहिलंच आहेस : एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. तरी रोज चार वाजता त्यात आम्ही चौघं मावतो. मी, डावीकडच्या दुकानातला शिंपी, समोरचा चष्मेवाला आणि गणिताचे सर. (सरांचं दुकान नाही, ते निवृत्त आहेत, म्हणून ते साडेतीनलाच येतात आणि आम्ही उशिरा आलो असं म्हणतात.) चौघांनीही साठी ओलांडली, चौघांपैकी एकानेही विमानाचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि चष्मेवाल्याचा जावई तिकिटांच्या कामात आहे. एवढ्या तीन कारणांवर माणसं देश सोडतात, दादा.

शिंप्याने चौघांना पोहायच्या चड्ड्या शिवल्या. विकतच्या घेऊ म्हटलं तर त्याच्या चेहऱ्यावर असं दुःख उमटलं की आम्ही निमूट मापं दिली. कोटाचं उरलेलं उंची कापड, आत पूर्ण अस्तर, चार खिसे, मागच्या खिशाला बटण, आणि माझ्या चड्डीला तर खास घड्याळाचा चोरखिसा. त्या चड्डीवर टाय लावला असता तर मी कुठल्याही कचेरीत साहेब म्हणून बसलो असतो. हे कापड पाणी पितं, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. पण त्याच्याआधी तुला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगायची म्हणून मी इतका वेळ चड्ड्यांवर घालवतो आहे.

तुला आठवतं, मी सोळा वर्षांचा होतो, घड्याळदुरुस्तीच्या शाळेत अर्ज द्यायची शेवटची तारीख होती, नदीला पूर होता आणि नाववाल्याने नाव काठावर ओढून पालथी घातली होती. तू माझा अर्ज मेणकापडात गुंडाळून डोक्याला बांधलास आणि पलीकडे पोहून गेलास. संध्याकाळी पावती घेऊन तसाच परत आलास. त्या अर्जावर मी आज दोन वेळा जेवतो. दादा, ही गोष्ट मी एकतीस वर्षांपूर्वी दुकानात चहा पिताना सांगितली. सर म्हणाले होते की घड्याळवाल्याचे हात कसे बाईच्या हातांसारखे मऊ, आयुष्यात कधी धाडस म्हणून केलं नसेल. मला राग आला. मी गोष्ट सांगितली, आणि सांगताना एक शब्द गाळला. ‘दादा’. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. अर्ज माझा, नदी आपली, मेणकापड आईचं. एकच शब्द नव्हता, आणि तेवढ्याने मी पलीकडे पोहोचलो. पुढे दर वर्षी कुणीतरी नवा माणूस चहाला यायचा आणि शिंपी म्हणायचा, ‘यांना ती नदीची सांगा.’ मी सांगायचो. दर वेळी पाणी थोडं चढायचं. शेवटी शेवटी तर त्यातून झाडं वाहत होती आणि एकदा बैलगाडीही गेली.

आता समुद्र. हॉटेलच्या खोलीत चार खाटा आणि एक थंड हवेचं यंत्र होतं. ते एक तर गुरगुरायचं, नाही तर सरांच्या उशीवर ठिबकायचं. सज्जातून उजवीकडे वाकलं की पाणी दिसायचं. किनारा खाली उतरलं की लगेच. पहिल्या दिवशी तिघंही चड्ड्या घालून वाळूत ओळीने उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, प्रवासाच्या दिवशी पाण्यात जाऊ नये. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पाणी परकं आहे, आधी एक दिवस नुसतं बघावं. (सरांनी ते शास्त्र मानून वहीत लाटा मोजल्या. दिवसअखेर त्यांच्याकडे आकडे होते, निष्कर्ष नव्हता, आणि नाक सोललं होतं.) तिसऱ्या दिवशी सकाळी शिंपी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ‘उद्या परत जायचं. जन्मभर मशीनवर पाय मारले, एकदा कमरेपर्यंत पाण्यात उभं राहू द्या. मला पोहता येत नाही, पण तुम्ही शेजारी आहात ना?’

मी म्हटलं, ‘आहे की.’

आजवर मी बरीच खोटी वाक्यं बोललो असेन, पण इतकं छोटं वाक्य इतकं महाग कधी पडलं नव्हतं.

आम्ही दोघं पाण्यात शिरलो. सर वही घेऊन कोरड्या वाळूत, चष्मेवाला त्यांच्याशेजारी. खाऱ्या हवेने काचा खराब होतात म्हणून त्याने आपला चष्मा काढून डबीत ठेवला होता. (हे लक्षात ठेव. चष्म्याशिवाय त्याला गिऱ्हाईक आणि आरसा यांतला फरक कळत नाही.) पाणी गुडघ्याला लागलं तिथे मी थांबलो. शिंपी हसत हसत पुढे गेला, कमरेपर्यंत. वळून त्याने मला हात केला. इतका खूश मी त्याला त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिलेला नाही. तेवढ्यात मागून लाट आली, त्याचे पाय सुटले, चड्डीचे चारही खिसे भरले आणि तो आत ओढला गेला. डोकं वर आलं, गेलं, वर आलं. त्याने हाक मारली. माझं नाव घेऊन मारली, दादा.

आणि मी पळालो. समुद्राकडे नाही. वाळूकडे.

किनाऱ्यावर एका उंच खुर्चीत शिट्टीवाली बाई बसलेली असायची, पन्नाशीची, आपल्या आत्यासारखी दणकट. माणसं वाचवणं हे तिचं काम. ती आधीच उडी टाकून पाण्याकडे धावत होती आणि मी नेमका तिच्या वाटेत गेलो. तिने मला खांद्याने असं ढकललं की मी उताणा पाण्यात पडलो, वरून लाट गेली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा डोक्यापर्यंत भिजलो. माझ्या पराक्रमाची खोली एवढीच. मी ठसकत उठेपर्यंत तिने शिंप्याला चड्डीच्या पट्ट्याला धरून बाहेर आणलं होतं. त्याने पोटातलं पाणी ओकलं, डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, ‘शिलाई उसवली नाही.’ सर रडायला लागले. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं.

मग चष्मेवाला आला, दोन्ही हात पुढे करून, चाचपडत. त्याला मी हाताला लागलो, नखशिखान्त ओला. आणि त्याने जाहीर केलं की त्याने स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं. मी कशी झेप घेतली, लाटेशी कसा झगडलो, बाई नंतर आली, खरं काम मीच केलं. लाट आली तेव्हा सर खाली वहीत बघत होते, त्यांनी होकाराची मान डोलावली. शिंप्याच्या तर कानातोंडात पाणी होतं. त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या वेळी मला बोलता आलं असतं. त्या बाईची भाषा मला येत नव्हती, या तिघांची येत होती. दुपारी तो खोलीत झोपला, मी खाटेशेजारी बसून होतो, तेव्हाही आलं असतं. मी खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मी फक्त दुरुस्त केलं नाही. आणि दुरुस्ती हा माझा धंदा आहे, दादा.

परत आल्यावर चष्मेवाल्याने पेठेत सगळीकडे सांगितलं. हार्डवेअरवाला उठून मला खुर्ची देतो. शिंपी माझ्यासाठी कोट शिवतो आहे. माप घेताना फीत गुंडाळून झाली तरी त्याचा हात माझ्या खांद्यावर राहतो. परवा त्याची बायको दुकानात आली. काही दुरुस्तीला नव्हतं. काउंटरपाशी उभी राहिली, ‘तुम्ही होतात म्हणून’ एवढंच म्हणाली आणि गेली. त्यानंतर मी एक बायकी घड्याळ उघडलं आणि तासभर चिमट्यात तोच स्क्रू धरून बसलो. हिला मी सगळं सांगितलं आहे. ती एकच म्हणाली, ‘मला सांगून काय उपयोग? मी कुठे बुडत होते?’ तेव्हापासून बोलत नाही आणि छान दिसते.

मला पश्चात्ताप पळाल्याचा आहेच. पण पाय पळतात, त्यांना आपण आधी विचारत नाही. खरा पश्चात्ताप त्या गाळलेल्या शब्दाचा आहे. तो जागेवर असता, तर शिंपी कमरेपर्यंत गेलाच नसता; दोघं घोट्याएवढ्या पाण्यात सुखाने उभे राहिलो असतो. प्रकृतीला जप. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. मूळ काम लिहायचं राहिलं. येत्या रविवारी पाच वाजता चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत पेठेतर्फे माझा सत्कार आहे, आणि प्रमुख पाहुणा म्हणून त्यांनी तुला ठरवलं आहे. ‘बंधूंचे बालपण आणि पोहणे’ यावर दोन शब्द बोलायचे आहेत. सर तुला फोन करतील. तू गुडघ्यांचं कारण सांग. तेवढं एक कर. दादा, पाया पडतो.

ता.क. दुसरा (गुरुवार). पाकिटाचा डिंक वाळला होता म्हणून पत्र राहिलं. आज शिंपी कोट माझ्या अंगावर घालून बघायला आला. एक बाही टाचण्यांवर होती. तो माझ्या मागे होता, त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणून सांगू शकलो. सगळं सांगितलं. तो टाचण्या दातांत धरून ऐकत होता. मग एकेक काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या गादीत खोचल्या आणि विचारलं, ‘म्हणजे नदी?’

‘दादाची.’

‘एकतीस वर्षं?’

‘एकतीस.’

‘आणि मी हाक मारली तेव्हा?’

‘ऐकली होती.’

त्याने कोट तसाच माझ्या अंगावर ठेवला आणि गेला. टाचण्यांमुळे मला तो एकट्याने काढता येईना. चारला चहाला आम्ही तिघंच होतो. सर म्हणाले, शिंपी आज उशीर करतोय. मी कोट घालून बसलो होतो.

ता.क. तिसरा (शुक्रवार). आज तो आला. चहा घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. कप ठेवून म्हणाला, ‘रविवारचं रद्द करायचं नाही. पण सत्कार यांचा नाही, यांच्या दादांचा. नदीची गोष्ट मी एकतीस वर्षं ऐकतोय, ती एकदा मला पोहलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायची आहे.’ मग चष्मेवाल्याने आणि सरांनी ‘म्हणजे काय’ असं विचारलं आणि मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. चष्मेवाला चष्मा पुसत राहिला. त्याने मला माफ केलं की नाही ते माहीत नाही. शिंप्याने तर नाहीच केलेलं. बाही मात्र पुरी करायला घेऊन गेला.

तेव्हा वरचं ते गुडघ्यांचं खोडून टाक आणि ये. (टपालाने रविवारच्या आत पोहोचायचं नाही, म्हणून पत्र उद्या पहाटेच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो.) जिना अरुंद आहे, मी धरीन. आणि त्यांनी विचारलं की नदी किती रुंद होती, तर तूच सांग. माझ्या बैलगाडीचं काही मनावर घेऊ नकोस. मला खरंच ठाऊक नाही. मी त्या दिवशी तुझा सदरा छातीशी धरून काठावर उभा होतो, आणि तू परत येऊन माझ्या हातातून तो ओढून घेईपर्यंत मी डोळेच उघडले नव्हते.