गराचा दाखला

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तिकडचं कळवायला तुला वेळ नसतो, म्हणून मीच लिहिते.

तुझ्या पेरूच्या भुकटीचे दोन डबे मिळाले. डबा देखणा आहे, आत काही नसलं तरी माणूस कपाटात मांडून ठेवील. वर छापलंस, ताज्या पेरूचं सगळं सत्त्व एका चमच्यात. उघडून पाहिलं तर रंग विटकरी आणि वास जळक्या साखरेचा. तीस वर्षं अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काढून मी नुकती निवृत्त झाले आहे, तेव्हा माझ्यापुढे तरी असले तारे तोडू नकोस. हा पेरू तू वाळवलास कसा, ते नीट लिही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुझी बायको फोनवर सहज बोलून गेली, की आईच्या हिरड्यांतून रक्त येतं आणि कुठे न आपटता नडग्यांवर काळेनिळे डाग पडतात. तू म्हणे ते वयावर ढकललंस. आई दिवसभर खाते काय, तेही लिही. मोघम नको, तुझ्या जाहिरातीसारखं.

आईला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ अजून शिल्लक आहे, तो सांभाळ.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. कौतुकाचा एखादा शब्द असेल म्हणून शेवटापर्यंत वाचलं, सापडला नाही. निवृत्त झालीस तरी जिथेतिथे नाक खुपसायची सवय काही गेली नाही.

विचारलंस म्हणून सांगतो. पेरू धुतो, गर काढतो, बिया गाळतो. गर उघड्या कढईत दोन तास आटवतो. मग तो वाफेनं तापलेल्या मोठ्या लोखंडी रुळावर पातळ पसरायचा. रूळ फिरतो तसा कागदासारखा पापुद्रा सुटतो, तो दळायचा. पापुद्रा इतका सुरेख सुटतो की पाहणारे बघत राहतात. रंग जरा गडद होतो खरा, पण गिऱ्हाइकाला तोच अस्सल वाटतो. गोठवून, हवा काढून वाळवायची यंत्रं असतात हे मलाही ठाऊक आहे. त्यात एका खेपेला अख्खा दिवस मोडतो, आणि मला तेवढा धीर नाही.

सत्त्वाचं म्हणशील तर डब्यावर छापलेला सी जीवनसत्त्वाचा आकडा माझा नाही, तुझाच आहे. तुझ्या सहीचा तपासणीचा दाखला मी खुर्चीमागे काचेत लावलाय. येईल त्याला सांगतो, की बहीण यातली जाणकार आहे. आता स्वतःच्याच सहीला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेव.

आईचे पुढचे पाच दात तेवढे राहिलेत. चावता येत नाही, म्हणून दुधात बुडवलेला पाव, आणि सकाळ-संध्याकाळ पेलाभर पाण्यात कालवून आपली भुकटी. गेल्या आठ महिन्यांत घरात एक फळ आणलेलं नाही. भुकटी घरची असताना फळं चिरत बसणं म्हणजे कारखान्याचा अपमानच की. आई तर उठता-बसता भुकटीचं कौतुक करते. डाग म्हातारपणाचे आहेत. लोभ वाढव, संशय कमी कर.
तुझा भाऊ

२२ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुझ्या बायकोला फोनवर सांगितलं तसं, आजपासून आईची भुकटी बंद कर आणि तिला डॉक्टरकडे ने. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून बाकीचं कागदावर.

तुझा डबा घेऊन मी जुन्या प्रयोगशाळेत गेले. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथली प्रमुख आहे. तिने त्यातलं सी जीवनसत्त्व मोजलं. डब्यावर जेवढं छापलंय, त्यातलं शंभरात जेमतेम तीन उरलंय. त्याला उष्णता सोसत नाही, उघडी हवाही सोसत नाही, आणि तू त्याला दोन्हीत दोन तास घोळवतोस, वर तापल्या रुळावर भाजतोस. तुझ्या त्या सुरेख पापुद्र्यात गोडी आहे, चोथा आहे आणि फुशारकी आहे. दुसरं फळ नाही, भाजी नाही, आणि आठ महिने आईला हे पाजलंस. हिरड्या रडणार नाहीत तर काय.

मग मी जुन्या फाइलीतून माझा दाखला काढला आणि सगळं आठवलं. तू बर्फात ठेवलेला डबा घेऊन आला होतास. त्यात ताजा गर होता. भुकटी अजून वाळायची आहे, पण फळ तेच आहे, असं तू म्हणालास. मी गर तपासला आणि दाखल्यावर नमुन्यापुढे नुसतं 'पेरू' लिहिलं. परक्याला मी दारातूनच परत पाठवलं असतं. भाऊ म्हणून तुला खुर्ची दिली. तुला लबाड म्हणायला बसले, पण मग मला काय म्हणायचं? मूर्ख हा शब्द फार मऊ आहे.

काचेतला तो कागद फाड. डब्यावरचा आकडा काढ. आईला पिकलेला पेरू बिया काढून, अजिबात न शिजवता, कुस्करून दे. लोभाचं नंतर पाहू.
तुझी ताई

५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. डॉक्टरही तुझ्यासारखंच म्हणाले, सी जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा स्कर्व्ही. असा रोगी त्यांनी पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहिला. रोग्याचा मुलगा फळांचं सत्त्व विकतो हे कळल्यावर त्यांना हसू आवरेना. माझं तोंड कसं झालं असेल, याची कल्पना करून तूही हसून घे.

पेरू मी रोज स्वतः कुस्करून देतो. आईचं रक्त थांबलंय, डाग फिकट होताहेत. दाखला उतरवला. दुकानांतले डबे परत मागवले. पण घरोघर गेलेल्या डब्यांचं काय करू? सांगत सुटलो तर कारखान्याचं नाव मातीत जाईल. लोक डबा संपवतील आणि विसरतील. तुझं मत विचारत नाही, कारण ते मला ऐकू येतंय. राग ओसरला की लिही.
तुझा भाऊ

१२ जुलै

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुझी पत्रं मी वाचली, आणि त्याची उत्तरंही पाकिटात जायच्या आधी वाचली. दोघंही शाई चांगली खर्च करता. एकाने गर नेला, एकीने तो निमूट घेतला, आणि आता म्हणे लोक विसरतील. माझी जीभ काही मेली नव्हती. पहिल्याच घोटाला कळलं होतं, की यात पेरू नाही. मुलाने केलंय म्हणून गोड मानलं, हा माझा गाढवपणा.

तो माझ्यापुरता असता तर मी लिहिलं नसतं. बागेत माझ्याबरोबर सहा जणी बसतात, सगळ्या माझ्याच वयाच्या, बोळक्या तोंडाच्या. फळं चिरायची कटकट कशाला, माझ्या मुलाची भुकटी घ्या, असं मीच त्यांना सांगत आले. सहाही जणींनी माझ्या शब्दावर घेतली. तुमच्या दाखल्याचं त्यांना काही माहीत नाही.

काल मी एकटीच पहिल्या घरी गेले. ती जन्मभर शिवणयंत्रावर बसलेली बाई. दार उघडताना तिच्या मनगटावर मला तसाच डाग दिसला. मी तोंड उघडायच्या आत ती आत गेली आणि माझ्यासाठी पेला भरून घेऊन आली. तुमच्याच घरचं आहे, तुम्ही आलात म्हणून दोन चमचे जास्त घातलेत, असं म्हणाली. मी सगळं प्यायले, छान झालंय म्हणाले, आणि परत आले.

पत्र मिळेल त्याच दिवशी निघ. तुझ्या भावालाही मी सांगितलंय. सहाही घरी आपण तिघं जाऊ. मी पुन्हा छान म्हणायला लागले, तर माझ्या हातातून पेला काढून घ्या आणि तुम्ही बोला.
तुझी आई